हिब्रू संदेष्टे पहिल्यांदा वाचताना: आमोसपासून योनापर्यंतची वाट

इ.स.पूर्व ६०९ च्या सुमाराला यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात लोकांनी एका माणसाला धरलं. 'याला मेलंच पाहिजे,' असं याजक ओरडत होते. हे मंदिर उद्ध्वस्त होईल असं तो देवाच्या नावानं बोलला होता, हाच त्याचा गुन्हा. तो माणूस यिर्मया. तेवढ्यात काही वडीलधारे उठले आणि म्हणाले, हिज्कीया राजाच्या काळात मीखाही हेच बोलला होता: सियोन, म्हणजे यरुशलेमची पवित्र टेकडी, शेतासारखं नांगरलं जाईल, यरुशलेमचे ढिगारे होतील. मग राजानं त्याला मारलं का? नाही. राजा भ्याला, देवाला शरण गेला आणि ते अरिष्ट टळलं. वडीलधाऱ्यांच्या या बोलण्यामुळे आणि दरबारातल्या एका वजनदार माणसाच्या आधारामुळे यिर्मया त्या दिवशी वाचला. अगदी असंच बोललेला उरीया मात्र वाचला नाही. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळून गेलेल्या त्याला राजानं धरून आणवलं आणि ठार केलं.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा हा २६वा अध्याय. संदेष्टे वाचायला कुठून सुरुवात करू, असं कोणी विचारलं की मी आधी ही गोष्ट सांगते. मीखानं सांगितलेलं घडलं नव्हतं. तो बोलल्याला शंभरेक वर्षं होत आली होती आणि मंदिर जागच्या जागी उभं होतं. तरी 'मीखा खोटा होता' असं कोणीच म्हणालं नाही. त्याचं बोलणं ऐकलं गेलं म्हणून ते घडलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाकीत खरं ठरलं की यशस्वी होतं. मीखाचा इशारा घडला नाही म्हणूनच यशस्वी झाला. हा फरक हाताशी असला तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते.

पहिली पायरी: 'भविष्य' हा शब्द बाजूला ठेवा

मूळ हिब्रू शब्द 'नावी'. अरबी-उर्दूतला 'नबी' त्याचाच भाऊबंद. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'संदेष्टा' हा शब्द आहे आणि तो फार नेमका आहे, कारण या माणसाचं काम निरोप पोचवण्याचं. त्या काळी राजाचा दूत दुसऱ्या राजाच्या दारात उभा राहून 'महाराजाधिराज असं म्हणतात' अशी सुरुवात करायचा आणि पुढे राजाचेच शब्द 'मी' म्हणून बोलायचा. यशयाच्या ३६व्या अध्यायात अश्शूरच्या (असीरियाच्या) राजाचा सरदार यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून असंच बोलतो. संदेष्टे वापरतात तो साचाही हाच: 'परमेश्वर असं म्हणतो.' म्हणून वाचताना 'पुढे काय होणार' हा प्रश्न आधी विचारू नका. निरोप कोणाला आहे आणि त्यानं आज काय करावं असं म्हणणं आहे, हे आधी शोधा.

आपल्याकडेही हा 'नबी' शब्द मराठी घरांत शेकडो वर्षं बोलला गेला आहे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबांत शुभकार्याला, नवस फेडायला मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि त्या ताटापुढे एलियाहू हन्नबीचं स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी या समाजाची श्रद्धा आहे. हा एलियाहू म्हणजे मराठी बायबलमधला एलीया. त्याच्या नावाचं पुस्तक मात्र नाही. त्याच्या गोष्टी 'राजे' या पुस्तकांत येतात. हुल्दाचंही तसंच. इ.स.पूर्व ६२२ च्या सुमाराला मंदिरात नियमशास्त्राची गुंडाळी सापडली, तेव्हा योशीया राजाची माणसं खात्री करून घ्यायला या बाईकडे गेली. यिर्मया तेव्हा हयात होता, बोलतही होता, पण ती गेली हुल्दाकडे. संदेष्टे म्हणजे फक्त पुस्तकांची नावं असलेले पुरुष, असा समज झाला असेल तर तो इथेच सोडून द्या.

दुसरी पायरी: वहीच्या पहिल्या पानावर चार सनं लिहा

सनावळीशिवाय संदेष्टे वाचणं म्हणजे पाकिटावरचा पत्ता न बघता पत्र वाचणं. शलमोनानंतर राज्य दुभंगलं होतं: उत्तरेला इस्राएल, राजधानी शोमरोन, दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम. एवढं लक्षात ठेवा आणि मग ही सनं मांडा.

इ.स.पूर्व ७२२: अश्शूरनं शोमरोन जिंकलं, उत्तरेचं राज्य संपलं. आमोस आणि होशेय याच्या आधीचे.

इ.स.पूर्व ७०१: अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. यहूदाचं लाखीश शहर पडलं, यरुशलेम वाचलं. हा यशया आणि मीखा यांचा काळ. लाखीशच्या वेढ्याची दगडात कोरलेली चित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं, अशी बढाई सन्हेरीबनं आपल्या लेखात मारली आहे. शहर घेतलं असं मात्र तो म्हणत नाही.

इ.स.पूर्व ५८७ किंवा ५८६: बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सरनं यरुशलेम आणि मंदिर जाळलं. यिर्मया तेव्हा शहरात होता. यहेज्केल दहा वर्षं आधीच पकडून नेलेल्यांबरोबर बाबेलात होता.

इ.स.पूर्व ५३९: इराणच्या कोरेशनं (सायरसनं) बाबेल घेतलं आणि बंदिवानांना परतायची वाट मोकळी झाली. यशयाचे ४० पासूनचे अध्याय या काळाशी जोडलेले, हाग्गय आणि जखऱ्या त्यानंतरचे.

पुस्तक उघडलं की आधी बघा, ते या चार सनांच्या आधी, मध्ये की नंतर बसतं. पुष्कळ पुस्तकांच्या सुरुवातीलाच राजांची नावं असतात, ती याच कामासाठी.

तिसरी पायरी: हातात कोणतं भाषांतर घ्यायचं

मराठीत बायबल सोसायटीचं रूढ भाषांतर आहे आणि सोप्या मराठीतलीही आहेत. माझं मत सांगते: पहिल्या वाचनाला सोपं घ्या, दुसऱ्याला रूढ. रूढ भाषांतरात वाक्यांची चाल मुळाच्या जास्त जवळ राहते आणि संदेष्ट्यांचं अर्धं बळ त्या चालीत आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मुळातून मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं होतं. कुठे बघायला मिळालं तर एखादा अध्याय ताडून वाचा.

पुस्तकांच्या क्रमानं गोंधळू नका. ज्यू परंपरेत यशया, यिर्मया, यहेज्केल आणि 'बारा' अशी मांडणी आहे. बारा छोटी पुस्तकं एकाच गुंडाळीवर लिहिली जायची. त्यांना 'लहान संदेष्टे' म्हणतात ते लांबीमुळे, मान कमी म्हणून नव्हे. दानीएल ज्यू मांडणीत संदेष्ट्यांमध्ये नसून 'लेख' या तिसऱ्या भागात येतो. नवख्या वाचकानं तो सध्या बाजूला ठेवलेलाच बरा, कारण त्याची भाषा आणि त्याचे प्रश्न वेगळे आहेत.

यशयापासून सुरुवात करू नका. मी तशीच केली होती आणि तेराव्या अध्यायाशी थांबले. तिथून दहा-अकरा अध्याय बाबेल, मवाब, दिमिष्क (दमास्कस), मिसर अशा राष्ट्रांविषयीचेच आहेत. पुढे दोन वर्षांनी आमोस हातात आला, तेव्हा कुठे दार उघडलं.

चौथी पायरी: आमोस एका बैठकीत, मोठ्यानं

फक्त नऊ अध्याय आहेत. तास पुरतो. पण मोठ्यानं वाचा, कारण हे आधी कानांसाठी होतं.

आमोस तकोवाचा. यरुशलेमच्या दक्षिणेला साधारण १६ किलोमीटरवरचं गाव, पुढे ओसाड उतार. मेंढरं राखणं आणि जंगली अंजिरांची निगा हा त्याचा धंदा. ते झाड आपल्या उंबराच्या गोतातलं. इ.स.पूर्व ७६० ते ७५० च्या आसपास तो सीमा ओलांडून उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या राजमान्य देवस्थानात जाऊन उभा राहिला. यराबाम दुसरा राज्य करत होता, व्यापार तेजीत होता. आमोस ज्या 'हस्तिदंती पलंगां'विषयी बोलतो, तशा हस्तिदंती नक्षीचे शेकडो तुकडे शोमरोनच्या उत्खननात सापडले आहेत.

पहिले दोन अध्याय त्यानं कसे रचलेत ते बघा. सुरुवात दिमिष्कपासून: त्यांनी गिलादला लोखंडी मळणीयंत्रांनी मळलं. मग गज्जा: गावंच्या गावं गुलाम म्हणून विकली. मग सोर, अदोम, अम्मोन, मवाब. प्रत्येकाला 'तीन अपराधांबद्दल, नव्हे चार अपराधांबद्दल' असं एकच पालुपद. बेथेलच्या गर्दीची कल्पना करा. एकेका शत्रूचं नाव निघतंय आणि माना डोलतायत. यातला मवाबचा अपराध तर अदोमच्या राजाविरुद्धचा आहे, त्यात इस्राएलचा संबंधच नाही. म्हणजे अन्याय कोणावर झाला यापेक्षा झाला हे महत्त्वाचं. मग शेजारचं यहूदा. आणि शेवटी, त्याच चालीत, त्याच पालुपदात: इस्राएल. तुम्ही. 'चांदीसाठी नीतिमानाला विकता, जोडाभर वहाणांसाठी गरिबाला.' सगळे फटके लांबच्यांना बसत होते तेव्हा हे घरात येईल असं कोणाला वाटलं असेल?

याच्या पुढच्याच वचनांत गहाण ठेवलेल्या कपड्यांवर वेदीशेजारी लोळणाऱ्यांचा उल्लेख आहे. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्यास्तापूर्वी परत करावं असा निर्गमाच्या पुस्तकातला नियम आहे, कारण रात्री त्याला दुसरं काही नसतं. १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्याजवळच्या एका प्राचीन गढीत शाईनं लिहिलेलं खापर सापडलं. इ.स.पूर्व सातव्या शतकातलं. त्यावर कापणी करणाऱ्या एका मजुराची तक्रार आहे: मी माझं काम पुरं केलं, तरी अमक्यानं माझं वस्त्र नेलं, ते मला परत मिळवून द्यावं. आमोस ज्यांच्या वतीनं बोलत होता, तशांपैकी एकाचा हा आवाज. आमोस वाचताना हे खापर मनात ठेवा, म्हणजे 'गरीब' हा शब्द पोकळ वाटणार नाही.

मग आठव्या अध्यायातला बाजार. व्यापारी म्हणतायत, अमावास्येचा सण कधी संपेल, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) कधी सरेल, म्हणजे धान्य विकता येईल. एफा लहान करू, शेकेल मोठा करू. ही ओळ समजायला एक गोष्ट ठाऊक हवी. तेव्हा नाणी वापरात नव्हती, चांदी तोलून द्यायची. एफा हे धान्याचं माप, ते लहान केलं की गिऱ्हाइकाला धान्य कमी. शेकेल हे साधारण ११ ग्रॅमचं वजन, ते जड केलं की गिऱ्हाइकाकडून चांदी जास्त. म्हणजे एकाच व्यवहारात मापातही मारायचं आणि काट्यातही मारायचं. वर गव्हाचा केरकचराही विकायचा. हे सगळं करणारी माणसं सण मात्र पाळतायत, आणि तो कधी संपतो याची वाट बघतायत. म्हणूनच पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या. आणि मग ती प्रसिद्ध ओळ: न्याय पाण्यासारखा वाहो, नीतिमत्ता बारमाही ओढ्यासारखी. मुळातला 'बारमाही' हा शब्द तिथल्या माणसाला लगेच भिडणारा. त्या मुलखातले बहुतेक ओढे पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. सणापुरता न्याय नको, असंच तो सांगतोय.

सातव्या अध्यायात याजक अमस्या त्याला हाकलतो: यहूदात जा, तिथे भाकर खा, तिथे संदेश दे, इथे नको, हे राजाचं देवस्थान आहे. आमोसचं उत्तर छोटं आहे. मी संदेष्टा नव्हतो, संदेष्ट्याचा मुलगाही नव्हतो. मेंढरांमागून मला उचललं. इथे पेन्सिलीनं खूण करा. देवस्थान कोणाचं, हा प्रश्न संदेष्ट्यांमध्ये पुन्हा पुन्हा येणार आहे.

पाचवी पायरी: बोलण्याचे साचे ओळखा

आमोस एकदा वाचून झाला की दुसऱ्यांदा फक्त साच्यांसाठी चाळा. 'हाय हाय' किंवा 'धिक्कार' असं भाषांतर होतं तो मूळ हिब्रू शब्द 'होय' (आपला होकार नव्हे), मयतावरचा आक्रोश. जिवंत, धडधाकट माणसांसमोर कोणी मयताचा गळा काढला तर अंगावर काटा येईल. तोच हेतू आहे. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला आमोस अख्ख्या देशाचं शोकगीत गातो, देश भरभराटीत असताना. दुसरा साचा खटल्याचा. मीखाच्या सहाव्या अध्यायात देव फिर्यादी आहे आणि डोंगर पंच आहेत. त्या खटल्याच्या शेवटी मोजकं मागणं येतं: न्यायानं वाग, निष्ठेवर प्रेम कर, आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. मधला हिब्रू शब्द 'हेसेद'. दया, माया, दिलेला शब्द पाळणं, हे सगळं त्यात एकत्र आहे. कोणतंही एक भाषांतर त्याला अपुरंच पडतं.

कविता अशी चालते: पहिली ओळ एक गोष्ट म्हणते, दुसरी तीच वळवून म्हणते, थोडी पुढे नेते. घाईनं वाचलं तर पुनरुक्ती वाटते. थांबलात तर दुसरी ओळ कुठे धार लावते ते दिसतं.

आणि 'मी' कोणाचा, हे सतत विचारा. देव बोलतोय, संदेष्टा बोलतोय की लोक? यिर्मयाच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी 'माझ्या लोकांच्या जखमेनं मी जखमी झालोय' असं रडणं आहे. ते देवाचं की यिर्मयाचं, हे ठरवता येत नाही. मला तर वाटतं ते ठरवूच नये.

सहावी पायरी: यशयाचा एक अध्याय, मन लावून

सगळा यशया नको. पाचवा अध्याय घ्या. तो एक प्रेमगीत म्हणतो असं सांगून सुरू होतो: माझ्या सख्याचा द्राक्षमळा होता, त्यानं दगड वेचले, उत्तम वेल लावले, बुरूज बांधला, कुंड खोदलं. आणि फळ काय आलं? रानटी, आंबट द्राक्षं. ऐकणाऱ्यांनाच तो विचारतो, आता तुम्हीच न्याय करा. मग उलगडा: मळा म्हणजे तुम्ही. त्यानं 'मिश्पात'ची वाट पाहिली, तर आलं 'मिस्पाख'. 'त्सेदाका'ची पाहिली, तर आली 'त्सेआका'. न्यायाऐवजी रक्तपात, नीतीऐवजी किंकाळी. दूरवरून ऐकलं तर दोन्ही शब्द सारखेच वाटतील. नीट कान दिला तरच फरक कळतो. त्या समाजाचंही तसंच झालं होतं, हे त्यानं नुसत्या ध्वनीतून सांगितलं. 'न्याय मागितला, अन्याय मिळाला' एवढ्यानं मराठीत हे उतरत नाही. म्हणून मूळ शब्द तोंडानं म्हणून बघा. पुढचंच वचन घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांविषयी आहे, ज्यांच्यामुळे दुसऱ्याला जागाच उरत नाही. किंकाळी कुठून आली ते तिथे कळतं.

यशयाच्या पुस्तकात निदान दोन वेगळे काळ आहेत आणि बहुतेक अभ्यासक शेवटच्या अध्यायांसाठी तिसराही मानतात. १ ते ३९ मधला मोठा भाग आठव्या शतकातल्या यरुशलेमचा. ४० पासून सूर पालटतो: 'सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा.' ४५व्या अध्यायात तर परका राजा कोरेश याला देवाचा अभिषिक्त म्हटलंय. १९४७ साली मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या गुहांतून यशयाची जी गुंडाळी निघाली, ती सव्वासात मीटरहून लांब आणि इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तिच्यात हे सगळं सलग एकच पुस्तक म्हणून लिहिलेलं आहे.

सातवी पायरी: यिर्मयाला महिना द्या

हे पुस्तक काळाच्या क्रमानं लावलेलं नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरातला यिर्मया तर हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशानं लहान आणि वेगळ्या क्रमाचा आहे. तेव्हा पानामागून पान वाचू नका. आधी गोष्टी वाचा: २६, २८, २९, ३२, ३६, ३८. मग १ ते २० मधल्या कविता.

३६व्या अध्यायात यिर्मया सांगतो आणि बारूख लिहून घेतो. गुंडाळी राजा यहोयाकीमला वाचून दाखवली जाते. हिवाळा आहे, समोर शेगडी पेटली आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो, शेवटपर्यंत. मग यिर्मया सगळं पुन्हा सांगतो, आणखी भर घालून. बारूखनं ती गुंडाळी लोकांसमोर वाचली ती शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत. जुन्या यरुशलेमच्या उत्खननात मातीचा एक मुद्राठसा सापडला आहे, त्यावर 'शाफानचा मुलगा गमऱ्या' अशीच अक्षरं आहेत.

२८वा अध्याय मला सगळ्यात जवळचा. यिर्मया खांद्यावर जू घालून हिंडतोय: बाबेलचं जू पत्करा, नाहीतर मराल. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा पुढे येतो आणि त्याच शब्दांत सुरुवात करतो, 'परमेश्वर असं म्हणतो.' त्याचा निरोप गोड आहे: दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया म्हणतो, आमेन, तसंच होवो. हनन्या ते जू ओढून मोडतो. आणि पुस्तक म्हणतं, यिर्मया आपल्या वाटेनं निघून गेला. उत्तर त्याला नंतर मिळतं. दोन माणसं, एकाच देवाचं नाव, उलट निरोप. ऐकणाऱ्यानं काय करावं? हनन्याचं ऐकून कोणालाच काही बदलावं लागत नव्हतं. यिर्मयाचं ऐकलं तर बदलावं लागत होतं. ही कसोटी पुरेशी नाही, पण वाचताना मला ती पुष्कळदा उपयोगी पडली आहे.

आणि ३२वा. शहराला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथची माझी जमीन तू घे. ती जमीन आधीच शत्रूच्या टाचेखाली. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. साक्षीदारांच्या सह्या, खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. आयुष्यभर नाश सांगणारा माणूस नाश दारात आल्यावर जमीन विकत घेतो आणि कागदपत्रं जपून ठेवतो. पुढे कधीतरी इथे पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील, एवढंच त्या मडक्याचं म्हणणं.

आठवी पायरी: अडखळाल तिथे काय करायचं

होशेयचा दुसरा अध्याय, यहेज्केलचे १६ आणि २३: इथे लोकांना व्यभिचारी बायको म्हटलंय आणि तिच्यावरच्या हिंसेचं वर्णन आहे. हे वाचताना त्रास होतो, आणि तो व्हायलाच हवा. गुळगुळीत करून वाचू नका, समर्थनही करू नका. त्याच होशेयच्या अकराव्या अध्यायात देव लेकराला चालायला शिकवणारा, त्याला उचलून घेणारा आहे. दोन्ही पानं एकाच पुस्तकात आहेत. नहूम अश्शूरच्या निनवे नगरीच्या पतनावर आनंदानं नाचतो. तोही बाराच्या त्याच गुंडाळीत आहे.

यहेज्केलच्या विचित्र कृतींनी बिचकू नका. विटेवर शहर कोरून तो तिला वेढा घालतो, शेकडो दिवस एका कुशीवर निजतो, शेणाच्या गोवऱ्यांवर भाकर भाजतो. त्याचे श्रोते यरुशलेमपासून शेकडो कोस दूर होते. तिथे काय चाललंय हे त्यांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. सोर नगरी नबुखद्नेस्सर लुटेल असं त्यानं २६व्या अध्यायात सांगितलं. तसं झालं नाही, आणि २९व्यात तो ते स्वतःच नोंदवतो. पुस्तक जपणाऱ्यांनी दोन्ही ठेवलं. हे कुठलं ज्योतिष!

यशयाच्या सातव्या अध्यायातल्या बाळासारखी काही वचनं ख्रिस्ती वाचक येशूविषयी वाचतात, ज्यू वाचक नाही. तुमची श्रद्धा कोणतीही असो, आधी ते वचन यहूदाच्या आहाज राजाच्या संकटात ठेवून वाचा, मग पुढे जा. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. हे कठोर शब्द आपल्याच लोकांना, त्यांच्यातच राहून, त्यांच्याबरोबर मार खात बोललेले आहेत. नंतरच्या शतकांत बाहेरच्यांनी ते ज्यूंच्याच विरुद्ध वापरले आणि त्यातून अतोनात नुकसान झालं. 'ते लोक बघा कसे होते' असं मनात आलं की आमोसच्या त्या यादीकडे परत जा आणि शेवटचं नाव कोणाचं होतं ते बघा.

नववी पायरी: शेवटी योना

ज्यू सभास्थानात शब्बाथला तोराच्या (नियमशास्त्राच्या) वाचनानंतर संदेष्ट्यांमधला एक उतारा वाचतात. योम किप्पूर हा कडक उपासाचा दिवस. त्या सकाळी यशयाचा ५८वा अध्याय असतो, जो उपास करणाऱ्यांनाच विचारतो: मला हवा तो उपास हा का? भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, जुवाचे बंध सोडणं, तो उपास. आणि त्याच दिवशी दुपारी योना, सगळा.

चार अध्यायांचं पुस्तक. माशाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ती पटकन ओलांडा आणि तिसऱ्या अध्यायाशी थांबा. योना निनवेत, म्हणजे शोमरोन जिंकणाऱ्या अश्शूरच्या नगरीत, जाऊन बोलतो: चाळीस दिवस, की निनवे उलथेल. हिब्रूत अवघे पाच शब्द. आणि निनवे ऐकते. राजा सिंहासनावरून उठून राखेत बसतो, गुराढोरांवरही गोणपाट घालतात. देव अरिष्ट आणत नाही. मीखाच्या बाबतीत जे झालं तेच इथे झालं, पण योनाला संताप येतो. त्याला आपलं बोलणं खरं ठरायला हवं होतं. तो शहराबाहेर जाऊन बसतो, काय होतंय ते बघत. देव त्याच्या डोक्यावर सावलीचं झाड वाढवतो, दुसऱ्या दिवशी ते किडीनं सुकवतो, आणि योना झाडासाठी हळहळतो.

पुस्तक देवाच्या एका प्रश्नावर संपतं आणि योनाचं उत्तर त्यात नाही. ज्या झाडासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याची तुला कीव येते. मग उजवा हात कोणता नि डावा कोणता हे न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं जिथे आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही, त्या एवढ्या मोठ्या निनवेची मला कीव येऊ नये का?